विहिरीकडची रांग

प्रिय बाबा,

हिंगणघाटहून तुम्ही घरी येऊन जाता, पण नालवाडीच्या नर्सरीत पाऊल टाकत नाही. पोराचं वर्षभराचं काम आपण एका सकाळी कापून टाकलं, हे तुमच्या मनातून जात नाही, असं जागृतीताई सांगते.

आयुष्यभर तुम्ही बागा राखल्या. सुकलेला गुलाब दिसला की तुमची कैची थांबत नाही. फळ धरलं की झाड त्यालाच पोसतं, पुढचं फूल बारीक येतं, हे मला तुम्हीच शिकवलं. त्या रविवारी माझ्या झाडांवर ती टपोरी फळं पाहून तुम्हाला माझीच लाज वाटली असणार. मी चहा आणेपर्यंत भिंतीकडची रांग साफ. ‘अशी माजू देल्ली काऊन रे झाडं?’ म्हणालात, आणि माझा चेहरा पाहून कैची तिथंच ठेवून निघालात. मालक धनंजयभाऊंनी मागून मला विचारलं, ‘बापाले कैची देल्ली कोनं?’

तुमच्या देशी गुलाबाला लाल गुलाबाचा पराग लावून मला नवा गुलाब काढायचा होता. त्याला बी लागतं, आणि बी फळात असतं. आदल्या वर्षी फळं हिरवीच गळाली, म्हणून या खेपेला जिबरेलिक ॲसिड फवारलं (शब्द पुस्तकात पाहून लिहिला आहे). त्यानं फळ टिकतं. भिंतीकडे जास्त मारलं, विहिरीकडे कमी. भिंतीकडची फळं बोराएवढी, लालभडक झाली. येईल त्याला मी तीच दाखवायचो. तुम्ही गेल्यावर, कापून टोपलीत टाकलेलं एकेक फळ चिरलं. सगळी पोकळ. पराग न धरताच, नुसत्या औषधावर फुगलेली. हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, ‘माह्यं मन नको राखू.’ म्हणून आता लिहून कळवतो.

विहिरीकडची फळं लहान, वाकडी, पण पिकेपर्यंत टिकली आणि त्यांत बी निघालं. थंडी लागल्याशिवाय ते उगवत नाही, म्हणून ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. तुमची सून रक्षा रोज विचारायची, भाजी आता माझ्या डोक्यावर ठेवू का. पेरल्यावर उगवलं थोडंच. त्या वाफ्यापाशी मी दिवसातून किती वेळा जातो, ते विचारू नका.

काल एका रोपाला कळी आली. वीतभर रोप, कळीच्या फटीतला रंग तुमच्या देशी गुलाबासारखा फिका, कडेला लाल. धनंजयभाऊ गिऱ्हाइकांना सांगत होते, हा आपल्या राकेशनं काढला. मी म्हटलं, लहानूबाबांच्या राकेशनं.

फूल उमलेल, मग सुकेल. ते मी कापणार नाही. तुमची कैची धार लावून ठेवली आहे. या.

तुमच्या हाताखालचा, तुमचाच
राकेश