तांबडी डावीकडेच का वळते

५ फेब्रुवारी
रोजनिशी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू करायची होती. उशीर झाला, माफी असावी. सर्दी होती. शिवाय मन थाऱ्यावर नाही. नात जुन्या हाडांचा अभ्यास करते. गेल्या महिन्यात घरी आलेल्या तिच्या सरांदेखत मी म्हणालो, डायनासोरला पिसं असतील तर पालीला स्वेटर असेल. सगळे हसले. ती हसली नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.
संकल्प: पिसांचा विषय समजून घेणे. नातीला बोलती करणे.

७ फेब्रुवारी
तिचं इथे राहिलेलं पुस्तक वाचलं. चित्रं तरी सगळी पाहिली. कोंबडीएवढे डायनासोर, अंगभर पिसं! वाद एवढाच, की उडायला शिकले ते झाडावरून उड्या मारून की जमिनीवरून धावत. विद्वानांनी मला विचारायला हवं होतं. आयुष्यभर लिफ्ट चालवली. वर जाणं, खाली येणं हा माझाच विषय.

८ फेब्रुवारी, सकाळी
बायकोच्या कोंबड्या गच्चीवर आहेत. फळी तिरपी लावली, वरच्या टोकाला दाणे. तांबडी पंख फडफडवत सरळ वर! म्हणजे जमिनीवरूनच. ही म्हणाली, दाणे ठेवले तर तुम्हीही चढाल. दुर्लक्ष केलं.

११ फेब्रुवारी
झाडवाल्यांवर अन्याय नको, म्हणून तांबडीला पाण्याच्या टाकीवरून सोडलं. तरंगली, पण डावीकडे. पुन्हा सोडलं. डावीकडे. मग वाळत घातलेल्या चादरीत. ही म्हणाली, अहो, वय काय, चाललंय काय! पाठीत उसण भरली. व्यायाम झाला, हेही नसे थोडके.

१२ फेब्रुवारी, दुपारी
डोळा लागता लागता सुचलं. सुरुवातीला सगळे डावीकडेच उडत असणार! सरळ उडणं मागाहून आलं. हे कुठल्याच पुस्तकात नाही. ते एकच पुस्तक अर्धं राहिलंय, पण त्यातही नसणार. नातीला व्हॉइस मेसेज पाठवला, खोकल्यासकट. खाली लिहिलं, स्वतः प्रयोग करून लावलेला शोध.
संकल्प: नाव झालं तरी हवेत जायचं नाही.

१५ फेब्रुवारी
सूनबाईचा फोन. पोरगी भलतीच खूश आहे म्हणे. आजोबांनी स्वतः प्रयोग केला, हे सगळ्यांना सांगत सुटली आहे. मेसेज अजून ऐकलेला नाही, उद्या दुपारी वर्गात सरांसमोरच लावणार. मी म्हणालो, लावू दे. आवाज मोठा ठेव म्हणावं.

१६ फेब्रुवारी, सकाळी अकरा
ही कात्री घेऊन गच्चीवर आली. तांबडीला काखेत दाबलं आणि डाव्या पंखाची पिसं कचाकचा कापली. मी ओरडलो. ही म्हणाली, ओरडायला काय झालं, वाढली की नेहमीच कापते. एकच पंख कापला की तोल जातो, मग शेजारच्या गच्चीवर उडून जात नाही. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणे, तुम्ही विचारलंत कधी?

साडेअकरा
नात फोन उचलत नाही. मेसेज पुसायला गेलो. पुसला गेला नाही, घरच्या ग्रुपवर गेला. जावयाने अंगठा पाठवलाय.
पोरी, वर्गात जायच्या आधी फोन कर. भांडायला केलास तरी चालेल. पण लवकर कर.