टिकटिक कुणी मागितली

१४ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

प्रिय धाकट्या,
आणि संध्याकाळी तुझ्या खोलीवर जमणारे पियानोवाले, बासवाले आजोबा, ट्रम्पेटबाई,

सर्वांना नमस्कार. मी ठीक आहे. धाकट्या, वहिनी विचारते, खोकला गेला का? हे पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव.

आपण पाचजण म्हणजे कानात ताल मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक खुपसून जॅझ वाजवणारे कैदी! सात महिने रोज चार वाजता हॉटेलच्या हॉलमध्ये आपल्याला सरावाला कोंडलं जातं. जी कला श्वासावर चालते, तिला घड्याळाच्या दावणीला बांधलं! हे भाषण मी तुमच्यापुढे कितीदा ठोकलं. मॅनेजरला जल्लाद म्हटलं, टेबलावर मूठ आपटली, सगळ्यांच्या राजीनाम्यावर पहिली सही केली. धाकट्या, तू पेटलास. कानातलं उपटून मॅनेजरच्या चहात टाकलंस. "घ्या, ढवळा आता!" म्हणालास. त्याच दिवशी हॉटेलच्या मालकीणबाईंनी तुला काढलं.

मी तिथेच होतो. झांजा पुसत होतो. आधीच पुसलेल्या.

एकतीस वर्षं ड्रम, काँगा, व्हायब्राफोन, हाताला लागेल ते वाजवलं. "तुला हात किती रे?" असं लोक विचारायचे. आपला बँड काढला तेव्हा मी एकच नियम घातला: वाजवताना ड्रमरकडे वळून बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. तुम्ही तो इतका इमानाने पाळलात की माझं फावलं.

एप्रिलमध्ये साउंडवाल्याने मला आपलंच एक गाणं दोनदा ऐकवलं, एक जुनं, एक त्या आठवड्याचं. नवं शेवटाकडे जाता जाता मंदावत होतं.

"कोण मागे पडतंय?" मी तोऱ्यात विचारलं.

तो वायर गुंडाळत राहिला.

माझा डावा हात, दुसरं कोण? कपही धरवत नाही. वहिनीला सांगतो, चहा फार गरम आहे. तुम्हाला कळलं नाही, कारण मी मंदावलो की तुम्हीही माझ्यासाठी मंदावत होतात.

टिकटिक मी मागितली. एकट्याच्या कानात घातली असती तर तुम्ही विचारलं असतं, म्हणून पाचांच्या. मॅनेजरला म्हटलं, "हुकूम तुमचा म्हणून सांगा."

"शिव्या मला पडतील, मास्तर."

"पडू देत. तुम्हाला सवय आहे."

त्याने शब्द पाळला. तू यंत्र टाकलंस तेव्हाही चहाने भिजलेला शर्ट झटकत माझ्याकडे बघत राहिला, पण माझं नाव घेतलं नाही. मीही नाही. स्वातंत्र्यावर तासभर बोलणारा मी, सख्ख्या भावासाठी एक वाक्य बोलू शकलो नाही. ड्रममागची ती स्टुलाएवढी जागा सोडली तर मला जगात दुसरी जागा नाही, एवढंच डोक्यात होतं.

आज सकाळी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. "भावाला बोलवा परत," त्या म्हणाल्या. "पण तुमचं काय?" मी घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

राजीनामा फाडा. धाकट्या, मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण शुक्रवारी चार वाजता सॅक्सोफोन घेऊन ये. पाचही यंत्रं टेबलावर काढून ठेवा. एक-दोन-तीन-चार तू मोज, जुन्या वेगात.

आणि मी मागे पडलो, तर थांबू नका.

तुमचा, घाबरलेला,
दादा