दादाचा विषाणू झोपलेला आहे

३ जून, सोमवार
नवी वही. निश्चय: रोज लिहायचं. ही वही माझ्यापुरतीच आहे, पण अक्षर नीट ठेवावं. पुढे कुणाला लागली तर वाचता यावं.

सोळा वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतोय. आता पहिला स्वतःचा प्रोजेक्ट. मुद्दा असा: लाखो वर्षांपूर्वी काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या डीएनएत घुसले आणि तिथेच राहिले. आपल्या डीएनएचा आठेक टक्के भाग त्यांचा. बहुतेक झोपलेले. माझा अंदाज: न्यूमोनियात ज्याचे हे म्हातारे जागे होतात, तो सिरियस होतो. ज्याचे झोपलेले, तो सुखरूप घरी जातो.

जेवताना बायकोला समजावलं. ती म्हणाली, आधी नळाचा वॉशर बदला. म्हटलं, दादा येईल तेव्हा बदलेल.

७ जून
बावीस नमुने झाले. सिरियस पेशंटचे आकडे चढे, बाकीच्यांचे कमी. खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन आलो.

विषाणू जागा झाला की आरएनए बनवतो. रक्तातून तो आरएनए काढला की एक एन्झाइम घालायचं असतं. त्यात राहिलेला डीएनए ते खाऊन टाकतं. मग मोजणी. त्यात तास जातो. माझा हात साफ आहे, राहिलेलं वगैरे काही नसतं. ती पायरी तूर्त गाळली. निश्चय: शेवटी सगळ्यांची एकदम करायची.

११ जून
लॅबच्या प्रमुख मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी विचारलं, एन्झाइम घालून काय आकडे येतात? मी म्हटलं, करतोय. त्या म्हणाल्या, करतोय म्हणजे केलंय की नाही? पोटात दुखतंय त्यांच्या.

१४ जून
दादाला चार दिवस ताप. त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आज बंद. बाबा गेल्यावर त्या दुकानावर मी शिकलो, आणि ते बंद असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी जाऊन त्याचं रक्त घेतलं. नमुना क्रमांक ३१. घरच्या माणसासाठी विज्ञान वापरायला मिळणं हे भाग्यच.

१५ जून, दुपारी ३
दादाचा आकडा एकतीस जणांत सर्वांत कमी! वहिनीला लगेच फोन केला, की दादाचा विषाणू गाढ झोपलेला आहे, काळजी सोडा. वहिनी म्हणाली, कोपऱ्यावरचे डॉक्टर भरती करा म्हणतात, बोलताना दम लागतोय. म्हटलं, ते डॉक्टर नाडी बघून औषध देणाऱ्यांतले. दोन दिवस वाट बघा.

दादाने फोन घेतला. त्यालाही सगळं समजावलं. आठ टक्के ते, मग घरमालक कोण, आपण की ते, असं विचारलं. हसला आणि बराच वेळ खोकला. मग म्हणाला, छोट्या म्हणतोय ना, मग झालं.

१६ जून
वहिनीचे तीन फोन. ओठ निळसर दिसतात म्हणे. मी म्हटलं, त्या खोलीत उजेडच कमी आहे. बायको म्हणाली, अहो, निदान जाऊन बघून तरी या. जायचं होतंच, पण परिषदेसाठी पोस्टर करायला घेतलंय. एकतीसच्या ठिपक्याला हिरवा रंग दिला. निश्चय: उद्या सकाळी पहिलं काम दादाकडे.

१७ जून, सकाळी ११
बायकोने मला न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. दादा आयसीयूत. तिथल्या डॉक्टरने विचारलं, दोन दिवस घरी कुणी ठेवायला सांगितलं? मी माझी बॅग उघडून काहीतरी शोधू लागलो.

दुपारी ४
मॅडमनी एकतीसही नमुने माझ्याकडून एन्झाइम घालून पुन्हा करवले. शेजारी उभ्या राहिल्या. सगळे आकडे जमिनीला टेकले. सिरियस, साधे, सगळे सारखे.

म्हणजे मी जागे विषाणू मोजतच नव्हतो. डीएनए मोजत होतो, आणि तो तर प्रत्येक पांढऱ्या पेशीत असतोच. ज्याच्या पेशी जास्त, त्याचा आकडा जास्त. मॅडम म्हणाल्या, पांढऱ्या पेशी मोजायचं मशीन खालच्या मजल्यावर आहे, पाच मिनिटांत होतं. मग त्यांची नजर एकतीसच्या जुन्या आकड्यावर गेली. या पेशंटच्या पेशी फार उतरल्या आहेत, म्हणाल्या, हे वाईट लक्षण आहे, याला भरती केलंय ना? मी म्हटलं, हो, आज.

कोण आहे, असं त्यांनी विचारलं. सांगितलं. पुढे त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ जून
दादा व्हेंटिलेटरवर. निश्चय: शुद्धीवर आला की त्याला सगळं खरं सांगायचं. तो हसेल. लहानपणी मी दुकानातल्या सगळ्या किल्ल्या एका डब्यात ओतल्या होत्या, तेव्हाही हसला होता. आठवडाभर वेगळ्या करत बसला, पण हसला.

१९ जून
किडन्यांवर परिणाम. तरी हृदय मजबूत आहे. मला आशा आहे.

२१ जून
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दादा गेला.

२५ जून
वहिनीकडे भेटायला लोक येतात. मीही रोज जातो. निश्चय केला होता, आज सांगायचंच. दोन दिवस आधी आणलं असतं तर कदाचित वाचला असता. वाक्य पाठ करून गेलो होतो.

शेजारीण विचारत होती, फार त्रास झाला का हो? वहिनी म्हणाली, नाही, भाऊजींनी तपासून सांगितलं होतं काही होणार नाही, त्यामुळे घरातले दोन दिवस ते अगदी निर्धास्त होते. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तुमचे उपकार आहेत.

खोली माणसांनी भरलेली होती. अशा वेळी काय बोलणार? मी मान हलवली. वहिनीने चहा दिला, माझी दीड चमचा साखर तिच्या लक्षात होती. प्यायलो.

घरी नळ गळतोय. बायको आता वॉशरचं नाव काढत नाही. निश्चय: उद्या सांगायचं.