सातवी चाल कोणाकडून

गोथेनबर्ग,
९ एप्रिल २००३

ती. गुनवोर आत्या,

सा. न. वि. वि. विनंती खाली येईलच, आधी कबुली. हे पत्र मी फेब्रुवारीपासून लिहिते आहे. पहिला कागद डेन्मार्कच्या बोटीवर भिजला (माझा फोनही त्याच बोटीवरून समुद्रात गेला, म्हणून तर पत्र), दुसऱ्याच्या पाठीवर एका मुलीने मला केकची कृती लिहून दिली, आणि तिसरा मी घाबरून कोराच ठेवला. तू म्हणशील, शाळा अर्धी टाकली तशी पत्रंही अर्धी टाकते. म्हण.

माझी सीडी होते आहे, आत्या! आजोबांच्या व्हायोलिनवर बारा चाली, मी एकटी, साथीला कोणी नाही. एका रिकाम्या गोठ्यात वाजवून घेतल्या. चौथ्या चालीत मध्येच एक चिमणी बोलते, ती तशीच ठेवायची ठरलंय. सीडी काढून देणारा रोइने म्हणून आहे. जुन्या दोरखंडाच्या कारखान्यात त्याची एक खोली आहे आणि ज्यांना मोठ्या कंपन्या दारातही उभं करत नाहीत असे सगळे तिथे येतात. गेल्या वर्षी त्याने चर्चच्या गायकांच्या सीड्या चुकून एका कर्कश रॉक टोळीच्या पाकिटांत भरल्या. वर ही मोठी कवटी. पाद्रीबाईंनी चाळीस विकल्या, तेव्हा कुठे कोणीतरी विचारलं की ही कवटी कोणाची. रोइने म्हणतो, परत द्यायला मात्र एकही जण आला नाही.

कुठे होते मी? हां, पाकीट. आपल्याकडे प्रत्येक चालीखाली ती कोणाकडून आली ते लिहायचं असतं, ते कोणी चुकवत नाही. सातवी चाल म्हणजे आपल्याकडे लग्नांत नाचतात ती पोल्स्का. सगळं गाव तिला हाल्वारची पोल्स्का म्हणतं. मी लिहिलंय: हाल्वार आजोबांकडून, त्यांना फिया एकग्रेनकडून.

फिया कोण हे तुला ठाऊक नसेल. भटक्यांपैकी, एका घोडेवाल्याची बायको. मी बारा वर्षांची असताना आजोबांनी लाकडं फोडता फोडता मला सांगितलं. ते स्वतः तेव्हा आठ वर्षांचे. ती तीन दिवस वाटेच्या कडेला गाडीच्या दांडीवर बसून वाजवत होती आणि ते समोर उभे राहून तिची बोटं बघत होते. पुढे पदकाच्या वेळी परीक्षकांनी विचारलं, ही चाल कोणाकडून. शेजारी त्यांचे वडील उभे. आजोबा म्हणाले, वडिलांकडून. एवढं सांगून ते माझ्यावरच डाफरले की बघत काय उभी राहिलीस, लाकडं उचल.

आपलं वादक मंडळ अर्धा खर्च देणार आहे, म्हणून पाकिटाचा मजकूर बिर्गरकाकांना पाठवलाय. ते अध्यक्ष, त्यांना आधी दाखवायला हवं. मग पोलंडच्या कारखान्यातून पाचशे सीड्या छापून येतील, खऱ्याखुऱ्या, चकचकीत. विनंती एवढीच की मंडळात विषय निघाला तर तू माझ्या बाजूने बोल.

रागावलीस तरी लोभ तेवढा बाजूला काढून ठेव.

तुझी,
इल्वा

नॉरहेल्ला,
१७ एप्रिल

चि. इल्वा,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ चार शब्द, जे आशीर्वाद नाहीत.

तुझा मजकूर घेऊन बिर्गर माझ्या स्वयंपाकघरात आला, बूट न काढता. म्हणाला, हाल्वारचं नाव मंडळाच्या निशाणावर शिवलेलं आहे, आता त्याच्याशेजारी एखाद्या घोडेवालीला शिवायचं का? ती ओळ जाईल, नाहीतर मंडळाची मदत जाईल. मी म्हटलं, मुलीला लिहिते. फरशी पुसायला मला अर्धा तास लागला.

त्याचं बोलणं मला आवडलं नाही. पण तुझं लिहिणंही आवडलं नाही. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, इल्वा. बाबांना सांगायचंच असतं तर त्यांच्याकडे साठ वर्षं होती. त्यांनी सांगितलं कोणाला, तर बारा वर्षांच्या पोरीला, आणि तेही लाकडं फोडताना. त्याच वर्षी तू मला शपथेवर सांगितलं होतंस की आपल्या तळ्यात सील मासा राहतो.

ओळ काढ. काढणार नसशील तर व्हायोलिन परत पाठव. ते माझ्या नावावर आहे. तुला वाजवायला दिलंय, माझ्या बापाला खोटं पाडायला नाही.

सोबत लोकरीचे मोजे पाठवते आहे. तो वेगळा विषय.

वेळेवर जेवत जा, आणि उलट उत्तर लिहिण्याआधी एक दिवस थांब.

तुझी आत्या,
गुनवोर

गोथेनबर्ग,
२ मे

ती. गुनवोर आत्या,

सा. न. वि. वि. एक दिवस नाही, चांगले दहा दिवस थांबले. राग तेवढाच आहे.

व्हायोलिन आज सकाळच्या बसच्या सामानातून पाठवलं. तारा सैल केल्यात. पेटीत हलू नये म्हणून भोवती तुझे मोजे कोंबलेत. ते मला परत हवेत, पाय गारठलेत.

ओळ मी काढणार नाही.

मंडळाची मदत गेली म्हणजे पोलंडचा कारखाना गेला. ते लोक पाचशेच्या खाली हातच लावत नाहीत. मी रोइनेला जाऊन सांगितलं की संपलं सगळं. त्याने विचारलं, चाली पुसल्या गेल्या का? मी म्हटलं, नाही. मग संपलं काय, असं म्हणून त्याने कोपऱ्यातल्या यंत्रावरची चादर काढली. कपाटासारखं आहे, सात खणांचं. एका वेळी सात कोऱ्या सीड्या आत, थोड्या वेळाने सात वाजणाऱ्या बाहेर. तो म्हणतो, पाचशे काढायला पैसेवाला लागतो, शंभर काढायला कोणा अध्यक्षाची परवानगी लागत नाही. आत्या, मला हे वाक्य पाकिटावर छापायचं होतं, पण जागा नव्हती.

पाकिटं माझी मीच केली. करड्या पुठ्ठ्याची. चमच्याच्या पाठीने घडी दाबायची, लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलेला ठसा वर मारायचा. अंगठा दोनदा कापला. इथल्या धक्क्यावरच्या खानावळीत सकाळी भांडी घासते, तिथे सगळे विचारतात की लढाईवर होतीस का. मी हो म्हणते. तिथला आचारी फिनलंडचा आहे, त्याची आजी कोंबड्यांना स्तोत्रं म्हणून दाखवायची, पण ते असू दे.

तू म्हणतेस, आजोबांकडे साठ वर्षं होती. होती ना. त्यांनी ती गप्प राहण्यात घालवली. मला नाही घालवायची. पोलिसांनी एका गावातून पुढच्या गावात हाकललेल्या बाईची चाल आपण शंभर लग्नांत नाचलो, पदकं लावली, निशाणं शिवली, आणि तिचं नाव लिहायची वेळ आली की आपल्याला बापाची अब्रू आठवते! आजोबा मला तुझ्याइतकेच प्यारे होते. म्हणूनच त्यांचं नाव खोडलेलं नाही, आधी तेच लिहिलंय. फक्त तिथे थांबले नाही.

एक सीडी तुला पाठवते आहे. नको असली तर गरम भांड्याखाली ठेव. एक जिल्ह्याच्या रेडिओला पाठवली. त्यालाही परवानगी लागत नाही.

नातं तोडून टाकशील असं वाटत नाही, पण टाकलंस तरी मी तुझीच राहणार, त्यावर तुझा इलाज नाही.

इल्वा

नॉरहेल्ला,
१४ जून

चि. इल्वा,

आशीर्वाद. या वेळी कबुली माझी. सहा आठवडे मी हा कागद टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकवते आहे.

तुझी सीडी मी खरंच भांड्याखाली ठेवली. बटाट्यांच्या. चार दिवस. पाचव्या दिवशी लावली. सातवी चाल लागली तशी बंद केली, बाहेर जाऊन उगाच अंगण झाडलं आणि येऊन पुन्हा लावली.

फिया कोण हे मला ठाऊक नसेल, असं तू ठरवूनच टाकलंस. ठाऊक आहे. मी सात वर्षांची होते. ती वसंतात फाटकाशी यायची. आई तिला फाटकावरूनच कॉफी द्यायची, कान तुटलेल्या कपातून. तो कप घरात येत नसे, बाहेर खांबावर टांगलेला असे. एकदा तिने तिथेच उभ्या उभ्या वाजवलं. मी खिडकीतून ओरडले की बाबा, ही बाई तुमची चाल चोरते आहे! बाबा माझ्या शेजारी उभे होते. मला एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं, इल्वा. ते नुसते उभे राहिले, आणि तिने ऐकलं, आणि ती व्हायोलिन गुंडाळून निघून गेली. नंतर कधी आलीच नाही. मागच्या पत्रात मी बाबांची बाजू घेऊन तुझ्याशी भांडले, ती खरं तर माझी बाजू होती.

गेल्या शनिवारी रेडिओवर सातवी चाल लागली. निवेदिकेने दोन्ही नावं वाचली, अगदी सावकाश. तासाभरात बिर्गर हजर. घरच्यांना हे मान्य नाही असं रेडिओला लिहिलेलं पत्र घेऊन आला होता, माझी सही हवी होती. मी म्हटलं, आधी बूट काढ. काढले. मोज्याला भोक. मग मी सांगितलं की सही देते, पण माझ्या कागदावर. त्यात मी लिहिलंय की ती ओळ खरी आहे, हाल्वारच्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि मंडळाला लाज वाटत असेल तर निशाणावरचं बाबांचं नाव खुशाल उसवा, कात्री मी देते. तो बूट हातात घेऊनच बाहेर पडला.

व्हायोलिन काल बसमध्ये चढवलं आहे. तारा मी ताणलेल्या नाहीत, ते तुझं काम. आणि उरलेल्यांपैकी वीस सीड्या मला पाठव. मंडळाच्या मेळाव्यात विकू देणार नाहीत म्हणे. मी रस्त्यावर टेबल मांडेन, रस्ता काही बिर्गरचा

थांब. फाटकाशी एक गाडी थांबली आहे.

खिडकी उघडून विचारून आले. साधारण माझ्याहून दहा वर्षांनी मोठी बाई आहे, काठी घेऊन. म्हणाली, मी सेल्मा, फियाची मुलगी. रेडिओवर आईचं नाव ऐकलं. म्हणाली, आजवर ते फक्त पोलिसांच्या तोंडून मोठ्याने ऐकलं होतं, म्हणून छापणारे कोण ते बघायला आले. मी म्हटलं, आत या. तर म्हणते, नको, मी इथेच बरी आहे.

फाटक सताड उघडं आहे, इल्वा, आणि ती बाहेर उभी आहे. समोर बिर्गरच्या खिडकीचा पडदा हलतोय. हलू दे. कॉफी चुलीवर आहे, चांगले कप काढलेत, आणि मी तिला हाताला धरून आणायला चालले आहे.

आत्या