पेशंट क्रमांक अकरा

३ जानेवारी, सकाळी साडेसहा
नवी वही. संकल्प एकच: यंदा संशोधनाचा पेपर छापून आणायचाच. सत्तावीस वर्षं डेंटल कॉलेजात शिकवतोय, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं प्रोफेसर झाली. आता माझी पाळी.
काम थोडक्यात लिहून ठेवतो, म्हणजे भाषणात उपयोगी पडेल. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. हाडाला तो धरायला तीन महिने लागतात. त्यावर मी शोधलेला मुलामा दिला की सहा आठवड्यांत धरतं. चोवीस पेशंट, बारा मुलाम्याचे, बारा साधे. दोन वर्षं पूर्ण झाली. अकरा नंबरचे पेशंट म्हणजे आमचे बाबा. एक माणूस कमी पडत होता, तर स्वतः पुढे आले. खालच्या जबड्यात मुलाम्याचे दोन स्क्रू, त्यावर कवळी टिचकन बसते.
शिवाय रोज व्यायाम.

४ जानेवारी
व्यायाम सोमवारपासून.

११ जानेवारी
दोन वर्षांच्या तपासणीला चोवीसपैकी सतरा, बाबांना धरून; त्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात. आकडेवारी बघणाऱ्या बाईंनी विचारलं, न आलेले सात कुठे आहेत? मी म्हणालो, घरी, मजेत चावत बसले असतील. दात दुखत नसताना डेंटिस्टकडे कोण फिरकतं? बाई हसल्या नाहीत. गणितवाल्यांना विनोद कळत नाही.

२० जानेवारी
बाबांची तपासणी. खुर्चीत बसवलं, विचारलं, "छान ना?" बाबा म्हणाले, "छान." पत्रकात लिहिलं: तक्रार नाही.
स्क्रू किती घट्ट आहे ते मोजायचं यंत्र ५८ दाखवतंय. मागच्या वर्षी ७४ होतं. यंत्राची बॅटरी उतरली असणार. स्टोअरला चिठ्ठी पाठवली.

९ फेब्रुवारी
नवी बॅटरी. ५१. यंत्रच जुनं आहे.
एक्सरेत स्क्रूच्या बाजूला काळी रेघ दिसते. विभागातल्या धाकट्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सर, हाड झिजतंय का? मी म्हणालो, फिल्म तिरकी धरली की असं दिसतं. त्या आणखी काहीतरी बोलणार होत्या. नव्या मुलांना घाई फार.

२३ फेब्रुवारी
बाबा हल्ली ब्रेड चहात बुडवून खातात. आवड बदलली. वजनही उतरलंय, पण ते रोज फिरायला जातात त्याचा परिणाम. माझ्यापेक्षा शिस्तीचे.
दुपारी धाकटी बहीण आली होती. म्हणाली, "दादा, बाबांचा गाल बघ, एका बाजूनं सुजलाय." मी म्हणालो, डॉक्टर मी आहे. ती म्हणाली, "तू त्यांचं तोंड उघडून बघतोस, चेहरा कधी बघितलास?" तिला पहिल्यापासून टोचून बोलायची सवय. बाबा मध्ये पडले. म्हणाले, उशीवर डोकं वाकडं पडलं असेल. बघा, ज्याचा गाल त्याचीच तक्रार नाही.

१० मार्च
पेपर जवळजवळ तयार. यश शंभर टक्के! स्क्रू तोंडात आहे, म्हणजे यश. आकडेवारीच्या बाईंनी विचारलं, ही व्याख्या कुणाची? मी म्हणालो, माझी. "मग माझं नाव काढा," म्हणाल्या. काढलं. श्रेय वाटून घ्यायला एक माणूस कमी.

२८ मार्च
पेपर मासिकाकडे पाठवला. दंतवैद्यांच्या परिषदेतल्या भाषणाची तालीम बाबांसमोर केली. पंचवीस मिनिटं खुर्चीत ताठ बसून होते. शेवटी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं. आई असती तर, असं म्हणालो. बाबा गालाला रुमाल लावून उठले.

२ एप्रिल, संध्याकाळी पाच, हॉटेल
भाषण जबरदस्त झालं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी उठून हात मिळवला.
फोन दोन तास बंद होता. सुरू केला तर बहिणीचे अकरा मिस्ड कॉल. अभिनंदनाचे असतील असं वाटलं.

३ एप्रिल, हॉस्पिटल
काल दुपारी बाबांनी टोस्टचा तुकडा तोंडात घातला आणि जबडा मोडला. टोस्ट भिजवलेला होता.
सर्जन म्हणाले, स्क्रूभोवती पू होऊन हाड आतून खाल्लं गेलंय, अंड्याच्या टरफलाएवढं उरलं होतं. दोन्ही स्क्रू काढले. ते काढायला हत्यार लागलं नाही, बोटांत आले. जबडा तारांनी बांधलाय. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, नळीनं पातळ.
सर्जननी विचारलं, दुखणं किती दिवसांचं? मी म्हणालो, दुखत नव्हतं. बाबांनी बहिणीकडून कागद मागून घेतला. लिहिलं, "चौदा महिने."
मला का नाही सांगितलंत, असं विचारलं. सर्जन समोर होते, तरी आवाज चढला. बाबांनी बराच वेळ लिहिलं. "तू 'छान ना' असं विचारायचास. त्यावर 'नाही' कसं म्हणायचं ते मला जमलं नाही."

४ एप्रिल
काही नाही.

५ एप्रिल
धाकट्या डॉक्टरीणबाई हॉस्पिटलात आल्या होत्या. बाबा जानेवारीत त्यांच्याकडे गेले होते म्हणे, माझ्या माघारी. त्यांनी गोळ्या दिल्या, स्क्रू काढून टाकू म्हणाल्या. बाबा म्हणाले, त्याचं भाषण होऊ द्या, मग काढा. शपथ घातली.
मी म्हणालो, तुम्ही तरी सांगायचं होतं. त्या रडायला लागल्या. "सर, मी दोनदा तुमच्या केबिनपर्यंत आले. तुम्ही म्हणालात, स्लाइड्स चालू आहेत, नंतर या."
मला ते आठवत नाही. पण असं मी म्हणतो खरा.

१४ एप्रिल
न आलेल्या सातांना फोन करायला घेतले. आधी करणारच होतो.
पहिल्या बाई म्हणाल्या, तुमचा स्क्रू दीड वर्षापूर्वीच दुसरीकडे काढून टाकला. दुसऱ्यांचाही काढलेला. तिसऱ्यांनी शिवी दिली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, तेव्हा त्यांच्या मुलीनं सांगितलं, काढला. चौथेही तेच. पाचव्यांची बायको म्हणाली, ते हृदयविकारानं गेले, दात शेवटपर्यंत छान होते. मी "अरे वा" म्हणालो. मग माफी मागितली. उरलेल्या दोघांचं ठीक होतं.
सातांपैकी सहा जण मुलाम्याचे. हे मला यादीत कधी दिसलंच नाही. आकडेवारीच्या बाईंनी यादी माझ्यासमोर तीनदा धरली होती.

१७ एप्रिल
मुलाम्याच्या बारापैकी पाच जणांचे स्क्रू निकामी, बाबा धरून. साध्या बारांपैकी एकाचाही नाही.
पेपर मागे घेतला. मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, परिषदेलाही. अपयशाचाही एक पेपर होऊ शकतो, किंबहुना त्याचं महत्त्व जास्त. बाईंना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, लिहा, या पेपरवर माझं नाव घाला. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी नीट बोलल्या. त्याचाच आनंद झाला, हे जरा वाईट आहे.

२० एप्रिल
बाबांना सोडलं. घरी त्यांची खोली झाडून, चादर बदलून ठेवली होती. मिक्सर नवा आणला. बाबांनी कागदावर लिहिलं, "थोडे दिवस हिच्याकडे." बहिणीनं पिशवी उचलली. मी म्हणालो, बरोबर आहे, तिच्या घरी जिना नाही.
माझ्याही घरी जिना नाही.
रोज संध्याकाळी जाऊन यायचं ठरवलंय.

२७ एप्रिल
आठवड्यात दोनदा गेलो. परीक्षा आहेत.

१२ मे
आज बाबांना सर्जनकडे दाखवायला मी घेऊन गेलो. बहिणीला सुट्टी नव्हती, मीच म्हणालो, मी नेतो. रिक्षातून उतरताना त्यांनी माझा दंड धरला. हात काडीसारखा लागला.
नवा एक्सरे आधी माझ्या हातात आला. सर्जन नंतर म्हणतील ते म्हणतीलच, पण मला एक्सरे वाचता येतो. हाड उरलेलं नाही. आता स्क्रू नाही, कवळीही बसणार नाही. इथून पुढे सगळं पातळच.
काउंटरवरच्या सिस्टरनं विचारलं, पेशंटचं वय? मी म्हणालो, शहात्तर. फाडकन. बाबांनी माझी बाही ओढली. तारा आहेत, बोलता येत नाही. दोन्ही हातांची मिळून सात बोटं दाखवली. मग मिटून नऊ.
एकोणऐंशी.
दोन वर्षांपूर्वी अभ्यासाच्या पत्रकात मी चौऱ्याहत्तर लिहिलं होतं. पत्रक मीच भरलं होतं, त्यांना न विचारता. अभ्यासाला मर्यादा पंचाहत्तरची होती. म्हणजे ते त्यात बसतच नव्हते. त्यांना त्या खुर्चीत बसवायलाच नको होतं.
सिस्टरनं खोडून एकोणऐंशी लिहिलं. मग माझ्याकडे बघत विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"
मी म्हणालो, "मुलगा."
तिनं तेही लिहून घेतलं. नंबर यायला वेळ होता. आम्ही दोघं बाकावर बसलो.