पलीकडच्या गर्दीतले बाबा

दि. ८ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारी तुझा फुटबॉलचा सामना बघायला मी आलो होतो. पंपघरावर बदली माणूस मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून कळवलं नाही. बस उशिरा पोचली. फाटकाजवळ जागा दिसली तिथे बसलो, तर ते सगळे समोरच्या संघातल्या मुलींचे आईबाप! तुझ्या हातून चेंडू निसटला तेव्हा ही शहाणीसुरती माणसं ओरडली, की गोलीने हाताला लोणी फासलंय का. तेरा वर्षांच्या पोरीला! जिभेवर आलं होतं, पण मी भांडलो असतो तर मान तुझीच खाली गेली असती.

मग त्यांच्या लाल रिबीनवालीने लांबून गोल मारला. इतका देखणा, की मी टाळ्या वाजवल्या. तू वळून पाहिलंस. परतीची बस धरायची होती, भेटता आलं नाही. रागावलीस का?

इथे पंपांच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून बोलावं असं जवळ कोणी नाही. तेव्हा लवकर लिही.

तुझा लोभ हवाच आहे.
बाबा

दि. १२ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

हो, रागावले. चार महिन्यांनी आलात आणि टाळ्या तिला? सगळे मला हसत होते, त्यात तुमचा चेहरा दिसला. वाटलं, चला, आपलं माणूस आहे. आणि तुम्ही! आत्या म्हणते, चांगल्याला चांगलं म्हणावं. तिला काय जातंय, तिच्यावर कुठे गोल झालाय!

पण सामन्यानंतर ती रिबीनवाली आली. विचारत होती, तपकिरी स्वेटरवाले काका कोण. गोल झाल्यावरही तिचे वडील ओरडतच होते, दुसरा का नाही मारलास म्हणून. मी म्हटलं, ते माझे बाबा आहेत. जरा जोरातच म्हटलं.

एकवीस तारखेला अंतिम सामना, पुन्हा त्यांच्याशीच. टाळ्या कोणालाही वाजवा, पण आधी मला भेटा.

लोभ आहे, राग थोडा कमी झालाय.
खारूताई

दि. २२ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही आला नाहीत. आत्या म्हणते, बदली माणूस मिळाला नसेल. मला कळतं.

आम्ही जिंकलो. त्यांच्या गोलीच्या हातून चेंडू सुटला तेव्हा आमच्याकडचे लोक फिदीफिदी हसायला लागले. आत्या ताडकन उठली आणि म्हणाली, लेकरं खेळतायत, हसायचंच असेल तर घरी जाऊन आरशात बघून हसा. मग तिने एकटीनेच त्या गोलीसाठी टाळ्या वाजवल्या. हळूहळू दोघातिघांनी साथ दिली.

रिबीनवाली सामनाभर फाटकाकडे बघत होती. मीपण. नंतर आम्ही दोघी पायरीवर बसलो. तुमच्या गावची बस आली, सगळी माणसं उतरली. तिने विचारलं, काका येतात ना नक्की? मी म्हटलं, येतात.

पत्र नको. तुम्हीच या.
तुमची
खारूताई