तांदळातलं नाव

मुलुंड, १९८६

गुणाजी,

बघा, पहिल्यांदाच तुमचं नाव घेतलं. संसार होता तोवर 'अहो'च होतात. हे पत्र टाकणार नाहीये, म्हणून ही धिटाई.

मी आपल्या लग्नावर पुस्तक लिहिलंय. घाबरू नका. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मंदाकिनी' लिहिलंत, तिथून सुरुवात केलीय. सतरा वर्षं मी शेवंती होते. तुमच्या आई 'मंदाकिनी' म्हणून हाक मारायच्या, तेव्हा मला कळायचंच नाही कुणाला बोलावतायत. सगळे म्हणाले, पोरगी माजोरी आहे. दोन वर्षांत माहेरी परतले. दारातच बाबा 'शेवंते' म्हणाले, तेव्हा कुठे रडू आलं.

आता प्रकाशक म्हणतात, बाई, खऱ्या माणसांची नावं बदला. सगळ्यांची पटापट बदलली, तुमच्यापाशी अडले. किती नावं लिहिली नि खोडली! तुम्हाला शोभेल, आवडेल असं हवं होतं. मग हातच थांबला. तुम्हीही मंदाकिनी असंच शोधलं होतंत का हो? इतक्याच मायेने?

शेवटी रमाकांत ठेवलंय, तुम्हाला न विचारता. त्या नावाने कुणी हाक मारली, तर ओ नाही दिलीत तरी चालेल.

शेवंती